नोकरीतला सासुरवास ओळखायचा कसा?

 

आज आपण विमानतळावरच्या नोकरीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमचा आणि विमानाचा काय संबंध? आम्ही तर एसटीनं फिरणाऱ्या. पण मैत्रिणींनो, विमानतळ आता आपल्या फार जवळ आलेत. शिर्डीचा विमानतळ २०१७ साली सुरू झाला, सिंधुदुर्गातला चिपीचा २०२१ साली आणि नवी मुंबईचा २०२५ च्या डिसेंबरात. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर तर आहेतच. गावोगावच्या बारावी झालेल्या, पदवी झालेल्या मुली तिथं नोकरीला लागायला लागल्यात.

विमानतळावरची नोकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त हवाई सुंदरी येते. खरं तर विमानात काम करणाऱ्या मुली थोड्या असतात आणि जमिनीवरचं काम करणाऱ्या पुष्कळ. तिकीट बघून सामान जमा करून घेणाऱ्या, व्हीलचेअर ढकलणाऱ्या, विमान उतरल्यावर आतली साफसफाई करणाऱ्या, विमानात जाणारं जेवण डब्यांत भरणाऱ्या, सामान चढवणारे-उतरवणारे लोडर. यातले बरेचसे लोक विमान कंपनीचे नोकर नसतातच. ते ठेकेदाराचे असतात. अंगावर कपडे कंपनीचे, पगार ठेकेदाराचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

गटांच्या बैठकांना आम्ही गावोगाव जातो, तेव्हा गेल्या दोन-तीन वर्षांत एक वाक्य बऱ्याचदा कानावर आलं. कुणी आई म्हणते, "पोरगी फोनवर नीट बोलत नाही. विचारलं की म्हणते, ठीक आहे. पण आवाज ठीक नसतो." हा आवाज आपण ओळखतो. नव्यानं सासरी गेलेल्या लेकीचा फोन आला की आपण तिचे शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतो. सासुरवास आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. नोकरीतही सासुरवास असतो. शहरात त्याला टॉक्सिक वर्कप्लेस म्हणतात, म्हणजे विषारी वातावरणाची कामाची जागा. नाव नवीन असलं तरी खुणा आपल्या ओळखीच्या आहेत. त्या खुणा कोणत्या, आणि दिसल्या तर आपण काय करायचं, एवढंच आज बोलू.

आधी एक फरक नीट समजून घेऊ. कडक काम म्हणजे छळ नाही.

विमानाचं काम कडकच असतं. विमानात ट्रे घेऊन फिरणाऱ्या मुलीचं खरं काम चहा-पाणी देणं हे नाही. आग लागली, विमान घसरलं, तर माणसांना बाहेर काढणं हे तिचं खरं काम. निम्मेच दरवाजे वापरता आले तरी सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत, हे दाखवून दिल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला परवानगीच मिळत नाही. २०२४ च्या जानेवारीत जपानमध्ये टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारं एक मोठं विमान दुसऱ्या लहान विमानावर आदळलं आणि पेटलं. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती. सगळीच्या सगळी जिवंत बाहेर आली. ती आली, कारण आतल्या कर्मचाऱ्यांचा सराव पक्का होता आणि प्रवाशांनी त्यांचं ऐकलं.

मग अशा कामात वेळेवर या, सराव चुकवू नका, दारू पिऊन येऊ नका, त्यासाठी फुंकर मारून तपासणी द्या, असं सांगितलं तर तो छळ नव्हे. ती शिस्त आहे. लेक म्हणाली, "आई, पहाटे चारला हजर व्हावं लागतं, पाय दुखतात," तर ते कष्ट आहेत. कष्ट आपल्याला नवे नाहीत.

पण शिस्त कशी ओळखायची? शिस्तीचा नियम आधी सांगितलेला असतो, लिहिलेला असतो, सगळ्यांना सारखा असतो आणि त्याचं कारण विचारलं तर सांगता येतं. सासुरवासाचा नियम माणूस बघून बदलतो. एकीला उशीर झाला तर हसून सोडून द्यायचं, दुसरीला झाला तर सगळ्यांदेखत उभं करायचं. कारण विचारलं तर उत्तर येतं, "इथं प्रश्न विचारायचे नसतात."

हे शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, आणि विमानाच्या धंद्यात तर फारच. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एक विमान मंगळूरुला उतरताना धावपट्टीच्या पुढं जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत काय निघालं? विमान बरोबर उतरत नव्हतं, ते परत वर घेऊ या, असं सहवैमानिकानं सांगितलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मुख्य वैमानिकानं ते ऐकलं नाही. अशा अपघातांमधून धडा घेऊन जगभरच्या विमान कंपन्या आपल्या लोकांना मुद्दाम शिकवतात की लहानानं बोलायचं आणि मोठ्यानं ऐकायचं. म्हणजे ज्या धंद्यात "गप्प बस" या दोन शब्दांची किंमत माणसांच्या जिवात मोजली गेली आहे, त्याच धंद्यात कुठला साहेब आपल्या मुलीला "गप्प बस" म्हणत असेल, तर तो त्या धंद्याचाच नियम मोडतो आहे. हे आपल्या मुलीला ठाऊक असायला हवं.

आता खुणा बघू. हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा सहा खुणा सांगतो.

पहिली खूण नोकरी लागण्याच्या आधीच दिसते. ती म्हणजे पैसे आणि कागद. नोकरी देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल, दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं ठेवून घेत असेल, कोऱ्या कागदावर सही मागत असेल, "सोडून गेलीस तर इतके लाख भरावे लागतील" असा करार वाचूही न देता पुढं सरकवत असेल, तर तिथंच थांबा. मूळ कागद बघायचे आणि परत द्यायचे असतात. आणखी एक सांगतो. विमानात काम करायला निवड झाली की सुरक्षेचं खरं प्रशिक्षण विमान कंपनीच देते. बाहेरच्या क्लासचं प्रमाणपत्र असलं म्हणजे नोकरी पक्की, असं मुळीच नाही. क्लासवाल्यानं "शंभर टक्के नोकरी" म्हटलं, तर ते लिहून मागा. लिहून देत नसेल तर समजून जा पाणी कुठं मुरतंय. फोनवरून विमानतळाच्या नोकरीच्या नावानं कुणी पैसे उकळले असतील, तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करायची.

दुसरी खूण म्हणजे कामाच्या वेळा. विमानतळ रात्रंदिवस चालतो, त्यामुळे पाळ्या असणारच. कुणाची पाळी कधी, या तक्त्याला तिथं रोस्टर म्हणतात. रोस्टर चार-आठ दिवस आधी कळत असेल तर ठीक. पण रात्री दहाला मोबाइलवर निरोप यायचा की पहाटे चारला ये, आणि हे रोजचंच असेल, तर ती खूण आहे. बारा-बारा तास थांबवून घ्यायचं, जादा वेळेचा पैसा द्यायचा नाही, आठवड्याची सुट्टी ऐन वेळी काढून घ्यायची, हीही खूण आहे. जादा कामाला दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतात, असा कायदा आहे.

विश्रांती मागणं म्हणजे आळस नव्हे. वैमानिकांना आठवड्यातून सलग ३६ तासांची विश्रांती मिळायची, ती सरकारच्या विमान खात्यानं वाढवून ४८ तास केली. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली, लोक विमानतळावर अडकून पडले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. विश्रांतीच्या नव्या नियमात बसेल इतकी माणसं आणि तशी आखणी कंपनीकडं तयार नव्हती, हे त्यामागचं मोठं कारण होतं. थकलेल्या माणसाच्या हातून चूक होते, म्हणून तो नियम आला. थकवा काही फक्त वैमानिकालाच येत नाही.

तिसरी खूण म्हणजे अंगावरून, रंगावरून, बोलीवरून अपमान. नीटनेटकं राहा, गणवेश घाला, एवढं सांगणं योग्य. पण "खेड्यातून आलीस ते दिसतंच", "वजन बघ तुझं", "मराठी माध्यमवाली", असं प्रवाशांसमोर बोलणं म्हणजे शिस्त नव्हे. हे रोज झालं की मुलगी स्वतःलाच कमी समजायला लागते. चार महिन्यांनी तिला वाटतं, आपली लायकीच नाही, दुसरीकडं कोण घेणार आपल्याला. सासुरवासातही असंच होतं ना? आधी टोमणे, मग गप्प बसणं, मग "माझंच नशीब".

चौथी खूण पगारात दिसते. पगाराची चिठ्ठी मिळते का? दर महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळतो का? लिपस्टिक लावली नाही म्हणून पाचशे, केस नीट नाहीत म्हणून तीनशे, असे दंड कापले जातात का? मैत्रिणींनो, मनाला येईल तसा दंड कापता येत नाही. कशाकशाला दंड आहे ते आधी जाहीर करावं लागतं, कामगाराला तिची बाजू मांडू द्यावी लागते आणि एका पगारातून ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड घेता येत नाही. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, पगारातून कापतात, पण खात्यावर भरतात का? मुलीकडं पीएफचा बारा आकडी नंबर असतो, त्यावर तिला मोबाइलवरच पासबुक बघता येतं. आपण गटाचं पासबुक दर महिन्याला बघतो, तसं तिला हे बघायला सांगा.

मोठं नाव असलं म्हणजे पगार बुडत नाही, असंही समजू नका. किंगफिशर २०१२ साली बंद पडली, जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलात. दोन्ही मोठ्या कंपन्या, जाहिराती चकचकीत. बंद पडण्याआधी कित्येक कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन् महिने थकले होते. पगार लांबायला लागला की ती पहिली घंटा समजायची.

पाचवी खूण म्हणजे आजारपणाची आणि बाळंतपणाची भीती. ताप आला तर सांगायची सोय नाही, पाळीच्या दिवसांत बसायला मिळत नाही, दिवस गेले तर लपवावं लागतं. इथं थोडा जुना इतिहास सांगतो. एअर इंडियात पूर्वी हवाई सुंदरीसाठी लेखी नियमच होता. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी संपली. पहिल्यांदा दिवस गेले तर नोकरी संपली. नाहीतर वयाच्या ३५ व्या वर्षी संपली. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सोबतिणी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९८१ साली न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली. चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र त्या वेळी तशीच राहिली. म्हणजे लढाई पुरी जिंकली नाही, पण सगळ्यात मोठा काटा निघाला. कंपनीनं लिहून ठेवलं म्हणून ते न्याय्य होतं असं नाही, हे त्या बायकांनी दाखवून दिलं. आज कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि त्या रजेत कामावरून काढता येत नाही.

सहावी खूण सगळ्यात नाजूक. नको ती सलगी. "मला खूश ठेवलंस तर चांगली पाळी लावतो," असं आडून बोलणं, रात्री-अपरात्री मेसेज, नको तिथं हात. हे लैंगिक छळात मोडतं. २०१३ च्या कायद्यानं कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिसची चार भिंतींची खोली नाही. कंपनीनं दिलेली ने-आण करणारी गाडीही कामाची जागा, आणि ड्युटीसाठी परगावी जावं लागलं तर तिथलं राहण्याचं ठिकाणही. मुलगी कायम असो, ठेक्यावरची असो की शिकाऊ, कायदा तिला लागू आहे.

या झाल्या तिकडच्या खुणा. आता घरी बसून आईला दिसणाऱ्या खुणा. फोन लहान होत जातात. सणाला येते म्हणते आणि ऐन वेळी येत नाही. घरी आली की झोपूनच राहते. मोबाइल वाजला की दचकते. पगाराचं विचारलं की चिडते. जेवण तुटतं. "माझ्यामुळं घरावर कर्ज झालं," असं सारखं म्हणते. एखादी खूण कुणातही दिसेल. तीन-चार एकदम दिसल्या आणि महिना-दीड महिना राहिल्या, तर "सहन कर" म्हणू नका. जाऊन भेटा.

मुली सांगत का नाहीत? कारण त्यांना रांग दिसते. २०२४ च्या जुलैत मुंबईत कलिनाला विमानतळावरच्या लोडरच्या भरतीला हजारोंनी पोरं जमली होती. जागा दोन हजारांहून थोड्या जास्त. गर्दी आवरेना, म्हणून अर्ज ठेवून परत जायला सांगावं लागलं. खेड्यापाड्यांतून रात्रभर प्रवास करून आलेली ती पोरं आपलीच होती. "तू गेलीस तर दहाजणी उभ्या आहेत," असं साहेब म्हणतो, तेव्हा मुलीला ते खोटं वाटत नाही. त्यात आईनं गटातून कर्ज काढून क्लासची फी भरलेली असते. मग ती तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाते.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीचं असंच झालं. नाव-गाव सांगत नाही. क्लाससाठी गटातून साठ हजारांचं कर्ज घेतलेलं. मुलगी एका विमानतळावर ठेकेदाराकडं लागली, प्रवाशांचं सामान जमा करून घेण्याच्या कामावर. ताई हप्ता वेळेवर भरत होत्या, पण दुसऱ्यांकडून हातउसने घेऊन. तीन महिन्यांनी एका बैठकीत सचिव वहिनींनी सरळ विचारलं, "ताई, पोरगी पैसे पाठवत नाही का?" तेव्हा ताईंना रडू फुटलं. पगार ठरला होता एक, हातात येत होता निम्मा. दंड, गणवेशाचे पैसे, गाडीचे पैसे. दोन दिवस तापानं पडली तर चार दिवसांचा पगार कापला. मुलीचे वडील म्हणत होते, "पहिली नोकरी आहे, दम धर."

गटानं भाषण केलं नाही. दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे कर्जाच्या हप्त्याला दोन महिन्यांची सवलत दिली आणि तसं ठरावाच्या वहीत लिहिलं. दुसरी, ताईंबरोबर दोघीजणी शहरात मुलीला भेटायला गेल्या. मुलगी पहिला तासभर बोललीच नाही. मग आईनं सांगितलं, "कर्जाचं गटानं बघितलंय. तू नोकरीचं सांग." मग बोलली. तिच्या मोबाइलमध्ये रोस्टरचे सगळे निरोप होते, बँकेत जमा झालेल्या रकमा होत्या. त्यावरून तारीखवार कागद तयार झाला. तो ठेकेदाराला दिला आणि त्याची प्रत मूळ कंपनीच्या ऑफिसात देऊन पोच घेतली. कारण ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. दोन महिन्यांत कापलेल्या पैशातला बराचसा भाग परत आला. पीएफचा पाठपुरावा अजून चालूच आहे. मुलगी तिथून बाहेर पडली. आता दुसऱ्या ठिकाणी तशाच कामावर आहे. पहाटेची पाळी तिथंही आहे, पायही दुखतात. पण रोस्टर पंधरा दिवस आधी लागतं आणि दिवाळीला ती घरी आली होती.

तर मैत्रिणींनो, खूण दिसली की काय करायचं, ते आता क्रमानं सांगतो. जवळ कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

आधी नोंद ठेवायला सांगा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं. निरोप आणि मेसेज पुसायचे नाहीत. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्राची प्रत यांचे फोटो आईच्या मोबाइलवर पाठवून ठेवायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र देणं सक्तीचं आहे. पत्र नसेल तर आधी ते मागायचं.

मग लेखी तक्रार करायची आणि पोच घ्यायची. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पगाराचा, वेळेचा, काढून टाकण्याचा प्रश्न असेल तर विमानतळावरचं काम केंद्र सरकारच्या कक्षेत येतं, म्हणून केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं. तिथं दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात. २०२४ च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानातले पुष्कळ कर्मचारी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकून घरी बसले, विमानं रद्द झाली. कंपनीनं पंचवीसजणांना काढून टाकलं. मग दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढं बैठक झाली, काढलेल्यांना परत घ्यायचं ठरलं आणि कर्मचारी कामावर परतायला तयार झाले. बैठकीला बसल्यावर जे सुटतं, ते एकटीनं रडून सुटत नाही.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिथं समिती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्यात स्थानिक समिती असते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. तसंच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागता येते.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी विधी सेवा मोफत मिळते. त्याचा नंबर १५१००. महिला हेल्पलाइन १८१. जिवाला धोका असेल तर ११२. आणि मुलगी फार खचली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागली असेल, तर १४४१६. हा टेलिमानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. अशा वेळी तिला एकटी ठेवू नका.

आणि नोकरी सोडायची वेळ आली तर? राजीनामा लेखी द्यायचा, पोच घ्यायची. नव्या कायद्याप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत उरलेला पगार द्यावा लागतो. दमदाटीनं सही मागितली तर "घरी दाखवून देते" म्हणायचं.

आता गटाचं काम. गट म्हणजे फक्त बचत आणि कर्ज नाही, हे आपण नेहमी म्हणतो. ते दाखवायची ही जागा आहे. मुलीच्या क्लाससाठी किंवा नोकरीसाठी कुणी कर्ज मागितलं, तर कर्ज देतानाच एक ठराव करून ठेवा. मुलीला त्रासापायी नोकरी सोडावी लागली तर हप्त्याला किती महिन्यांची सवलत द्यायची, ते आधीच लिहा. हप्त्याच्या भीतीनं एकही मुलगी वाईट जागी अडकून पडू नये. ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. गावातल्या बाहेर नोकरीला असलेल्या मुलींची यादी करा आणि महिन्यातून एकदा प्रत्येकीला घरच्यांखेरीज गटातल्या कुणीतरी फोन करा. आईला सांगता येत नाही ते मुलगी कधी कधी शेजारच्या काकूला सांगते.

गावात एक बोलणं फार चालतं. मुलगी नोकरी सोडून आली की लोक म्हणतात, "गेली होती विमानात बसायला, आली परत." हे बोलणं आपल्या गटातली बाई तरी बोलणार नाही, एवढं ठरवू या. कारण याच बोलण्याच्या भीतीनं मुली तिकडं रडत राहतात.

आणि एक सांगायचं राहायला नको. या कामात चांगल्या जागाही पुष्कळ आहेत. मान देणारे साहेब आहेत, पगार वेळेवर देणारे ठेकेदार आहेत. आपल्या मुलींनी जरूर जावं. फक्त जाताना सोबत हे पाच प्रश्न घेऊन जावं. नेमणुकीचं पत्र हातात आलं का? पगार आणि कापायच्या रकमा लिहून दिल्या का? रोस्टर किती दिवस आधी कळतं? अंतर्गत समितीत कोण आहे, त्यांची नावं भिंतीवर लावलीत का? आणि माझ्या आधी या कामावर जी होती, ती का सोडून गेली? या पाचव्या प्रश्नाचं उत्तर साहेबाकडून नाही, तिथल्या जुन्या मुलींकडून घ्यायचं.

पुढच्या मासिक बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा. ज्यांची मुलगी, सून, भाची, पुतणी बाहेर कामाला आहे, तिला तिथूनच फोन लावा आणि एकेक प्रश्न विचारा. काय उत्तरं आली ती आम्हाला कळवा.

आज इथंच थांबतो.